एका अंगणातील जनावरे
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या विभागात शिकविते. पेरणीचे अंतर, आंतरपिके, खुरपण्या आणि पाण्याच्या पाळ्या हे माझे विषय. जनावरांविषयी बोलण्याचा खरा अधिकार पशुवैद्यकांचा, आणि ते आज येथे बसलेही आहेत. तरीही मी हा विषय मागून घेतला, त्याला कारण आहे. एकात्मिक शेती पद्धतीचे आराखडे आम्ही कृषिविद्येची माणसे तयार करतो. कागदावर एक हेक्टरचा चौकोन आखतो, त्यात दोन गाई, दहा शेळ्या आणि पन्नास कोंबड्या मांडतो. गाईच्या शेणाचा बाण गांडूळखताकडे जातो, गांडूळखताचा बाण भाजीपाल्याकडे आणि भाजीच्या पाल्याचा बाण शेळीकडे. आराखडा दिसावयास फार छान दिसतो. मात्र या सर्वांना एकाच अंगणात नांदावयाचे आहे, आणि राखणीचा कुत्रा व उंदरांसाठी पाळलेले मांजरही तेथेच असणार, हे त्यात कोठेच लिहिलेले नसते. हा धडा मी पुस्तकातून शिकलेली नाही, घरच्या नुकसानीतून शिकले आहे.

आमचे घर दुष्काळी पट्ट्यातले. घरी खिलार जनावरे, एक संकरित गाय, पाच शेळ्या आणि दहा-पंधरा गावरान कोंबड्या असतात. मोती नावाचा कुत्रा २०१५ साली आमच्याकडे आला. रस्त्याचे काम करणारी माणसे मुक्काम हलविताना त्याला मागे सोडून गेली होती. तेव्हा तो सात-आठ महिन्यांचा असावा. पुढची चार वर्षे त्याने कोंबडीकडे मान वळवून पाहिले नाही. कोंबड्या त्याच्या ताटलीतले भाकरीचे तुकडे टिपीत आणि तो पडून राही. आलेल्या-गेलेल्याला आमची आई हे कौतुकाने दाखवी.

२०१९ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वारा सुटला आणि खुराड्यावरचा पत्रा उडाला. अंधारात कोंबड्या फडफडत चहूकडे पांगल्या. त्या वेळी मोती मोकळा होता. घरातली माणसे गोठ्यात जनावरे आवरीत होती. कंदील घेऊन अंगणात आलो तेव्हा चौदांपैकी नऊ कोंबड्या मरून पडल्या होत्या. त्यांतली एकही त्याने खाल्लेली नव्हती. मोती खांबाजवळ धापा टाकीत बसला होता, आणि आईला पाहून नेहमीसारखे शेपूट हलवीत होता.

दोन दिवस घरात वाद झाला. आबा म्हणाले, याला रक्ताची चटक लागली, घाटात सोडून या. शेजारच्या काकांनी मेलेली कोंबडी त्याच्या गळ्यात बांधावयास सांगितले. मी शिकलेली, म्हणून माझे मत विचारले. मी म्हणाले, "पिसाळला असेल." ते चूक होते. तो पिसाळलेला नव्हता आणि उपाशीही नव्हता. मग झाले काय, याचा शोध घेण्यासाठी मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसले, आणि तेथे जे वाचले ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

कुत्र्याची शिकार ही एक क्रिया नाही

आपण समजतो की भूक लागली म्हणून जनावर शिकार करते आणि पोट भरले की थांबते. प्रत्यक्षात शिकार ही साखळी आहे. सावज दिसणे, नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग, पकड, मारणे, फाडणे आणि शेवटी खाणे. यातील प्रत्येक कडी वेगळी चाळविली जाते. पाठलागाची कडी भुकेने नव्हे, तर पळणाऱ्या आणि फडफडणाऱ्या वस्तूने चाळविली जाते. माणसाने निवड पद्धतीने कुत्र्यांच्या ज्या जाती तयार केल्या, त्या याच कड्या कमीजास्त करून. मेंढ्या वळविणारा परदेशी कॉली कुत्रा नजर रोखतो, दबा धरतो, पाठलाग करतो. पुढच्या कड्या त्याच्यात दुबळ्या केलेल्या आहेत. आपल्या गावठी कुत्र्याची अशी निवड कोणी केलेली नाही. त्याच्यात साखळी पुरी आहे, फक्त ती चाळविण्याचा प्रसंग रोज येत नाही.

हान्स क्रूक या शास्त्रज्ञाने १९७२ साली याच विषयावर निबंध लिहिला. गडद अंधाऱ्या रात्री कुरव पक्षी घरट्यांवरून उडत नाहीत, आणि अशा रात्री कोल्हे वसाहतीत शिरून गरजेपेक्षा कितीतरी अधिक पक्षी मारतात, मग बहुतेक तसेच टाकून जातात, असे त्यांनी नोंदविले. आफ्रिकेतील तरसांनी अशाच रात्री हरणे मारल्याची उदाहरणेही दिली. कारण साधे आहे. रानात एक सावज धरले की बाकीचे पळून जातात आणि शिकाऱ्याला थांबावेच लागते. पोट भरले की मारणे आपोआप बंद होईल, अशी सोय निसर्गाने केलेली नाही, कारण तिची गरजच क्वचित पडते. खुराड्यात, कोंडवाड्यात किंवा कुंपणाच्या आत सावज पळूच शकत नाही. बिबट्या बंद गोठ्यात शिरला की एका रात्रीत अनेक शेळ्या का मारतो, त्याचेही उत्तर हेच.

आमच्या मोतीने चार वर्षे कोंबड्यांना काही केले नाही, कारण त्या चार वर्षांत त्याने कोंबड्या नेहमी दिवसाउजेडी, सावकाश चालताना आणि आईच्या नजरेखाली पाहिल्या होत्या. वादळाच्या संध्याकाळी त्याच्या दृष्टीने त्या कोंबड्या नव्हत्याच. अंधारात फडफडणारे काहीतरी होते. ज्याला आपण स्वभाव म्हणत होतो, ती केवळ परिस्थिती होती.

आबांचे 'चटक' हे म्हणणे शास्त्राला धरून नाही, तरी व्यवहारात निम्मे खरे आहे. चटक रक्ताच्या चवीची नसते. पाठलाग हेच कुत्र्याला बक्षीस असते, आणि एकदा मिळालेले बक्षीस तो पुन्हा मागतो. म्हणून एकदा कोंबडी किंवा करडू मारलेल्या कुत्र्यावर पुढे कधीही एकट्याने विसंबू नये. गळ्यात मेलेली कोंबडी बांधून किंवा तासाभराने काठीने बडवून काही साधत नाही. मार कशाबद्दल बसला हे त्याला जोडता येत नाही. मारणाऱ्या माणसाची भीती तेवढी बसते, आणि भ्यालेला कुत्रा चावरा होतो.

मोतीला आम्ही घाटात सोडले नाही. सोडलेला कुत्रा दुसऱ्याच्या वाड्यावर जाऊन तेच करतो. आता दिवेलागणीला त्याला साखळी लावतात, मग कोंबड्या कोंडतात. हा क्रम उलटा करावयाचा नाही. खुराड्याच्या जाळीचा तळ जमिनीत वीतभर पुरला आहे आणि बाहेरच्या बाजूने दगड रचले आहेत, म्हणजे उकरून आत शिरता येत नाही. पत्रा तारेने बांधला आहे. एवढा खर्च आधी केला असता तर नऊ कोंबड्या वाचल्या असत्या.

धनगरांचा कुत्रा असा का वागत नाही?

आपण मेंढपाळांचे तांडे पाहिले असतील. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर बांधलेल्या कोंबड्या, नवी कोकरे, कधी कुत्र्याची पिल्लेसुद्धा. तीच पिल्ले मोठी होऊन गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून रात्री कळपाची राखण करतात आणि कोकराला तोंड लावीत नाहीत. हे शिक्षण त्यांना कोणी काठीने दिलेले नसते. ती डोळे उघडल्यापासून मेंढ्यांच्या वासात वाढलेली असतात.

अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर बरीच वर्षे प्रयोग करून १९६५ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत ज्यांच्या सहवासात राहते, त्यांना ते आपले मानते. ही खिडकी नंतर मिटते. मांजराच्या पिल्लाची खिडकी याहून लवकर, दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात असते. मोती आमच्याकडे आला तो सात-आठ महिन्यांचा होऊन, म्हणजे खिडकी मिटून गेल्यावर. तो कोंबड्या सहन करीत होता, त्यांना आपले मानीत नव्हता. हा फरक आम्हांला कळला नाही.

तेव्हा कुत्रा घ्यावयाचा असेल तर सात-आठ आठवड्यांचे पिल्लू घ्या. आईच्या अंगावरून त्याआधी ओढून आणू नका. घरी आणल्यावर पुढचा महिना-दीड महिना रोज ते आपल्या समोर शेळ्या-कोंबड्यांजवळ बांधा. पिल्लू करडामागे धावले की घरातली माणसे हसतात. ती कुत्र्याची शिकवणी आहे हे लक्षात घ्या आणि तेथेच थांबवा. एक वर्षाचा होईपर्यंत त्याला कोंबड्यांत एकटे सोडू नये.

मात्र खिडकीच्या काळात वाढविले म्हणजे हमी मिळाली, असेही नाही. १९३० साली झिंग-यांग कुओ या चिनी शास्त्रज्ञाने मांजराच्या पिल्लांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदीर मारताना पाहत वाढलेल्या २१ पिल्लांपैकी १८ पिल्लांनी पुढे उंदीर मारले. एकटी वाढविलेल्या २० पैकी ९ पिल्लांनी मारले. उंदराबरोबर एकाच पिंजऱ्यात वाढविलेल्या १८ पैकी फक्त ३ पिल्लांनी मारले. सहवासाने केवढा फरक पडतो पाहा. पण जिच्या अंगणातली कोंबडी जाते तिने त्या तिघांकडेही पाहावयास हवे. सहवासाने धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून आपण समोर नसताना मध्ये जाळी हवीच.

बाटलीवर वाढविलेला खोंड

आता जे सांगते ते सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण दोष आमच्या घराच्या मायेचा होता. आमची एक खिलार गाय व्यायली आणि चौथ्या दिवशी मेली. गोऱ्हा राहिला. आईने त्याला बाटलीने दूध पाजून वाढविले. सोन्या त्याचे नाव. तो पडवीत झोपे, आईच्या मागे विहिरीवर जाई. माझे भाचे त्याच्या कपाळाला हात लावून ढकलीत आणि तो उलट ढकली. सगळ्यांना गंमत वाटे. तो मारका होईल असे कोणाच्या मनातही आले नाही. उलट एवढा माणसाळलेला खोंड गावात नव्हता.

२०१७ च्या दिवाळीत, सोन्या दोन वर्षांचा असताना, आबा त्याच्यापुढे वैरण टाकून वळले आणि त्याने त्यांना गव्हाणीच्या भिंतीवर दाबले. दोन बरगड्या मोडल्या. आई ओरडत मध्ये आली तशी तो तिच्याकडे वळला. आबांनी तेवढ्या वेळात बाहेर सरकून फळी लावली. आबांचे वय तेव्हा बासष्ट. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांना वाकून काम करता आले नाही.

लोक म्हणाले, उपकार विसरला. जनावराच्या बाजूने पाहिले तर तो काहीच विसरलेला नव्हता. तो माणसांत वाढला म्हणून माणसे त्याची जात झाली. खोंड वयात आला की आपल्याच जातीच्या नरांशी टक्कर घेऊन आपली जागा ठरवितो. गुरांत वाढलेला खोंड दुसऱ्या खोंडाला आव्हान देतो. माणसांत वाढलेला माणसाला देतो. प्राइस आणि वॉलॅक यांनी १९९० मध्ये हेअरफर्ड जातीच्या खोंडांवर हेच तपासले. बाटलीवर पण एकेकटे वाढविलेले खोंड पुढे माणसावर चालून येऊ लागले. बाटलीवरच पण गटाने वाढविलेले खोंड तसे वागले नाहीत. म्हणजे दोष बाटलीचा नाही, एकटेपणाचा आहे. पोरके वासरू पाजा, जरूर जगवा. पण पाजून झाले की दुसऱ्या वासरांत बांधा. दुसरे वासरू नसेल तर निदान गाईच्या शेजारी बांधा. आणि त्याच्या कपाळाला हात लावून ढकलण्याचा खेळ मुलांना कधीही खेळू देऊ नका. दहा किलोच्या करडाशी तो खेळ असतो. अडीचशे किलोच्या खोंडाला तो खेळ आहे हे कोण सांगणार?

खोंड चालून येण्याआधी सांगतो. तो आडवा उभा राहून आपली पूर्ण बाजू दाखवितो, मान ताठ करतो, पाठ कमानीसारखी करतो. मग डोके खाली घालून पुढच्या पायाने माती उकरतो. पुष्कळांना माती उकरणे ही मस्ती वाटते. आडवे उभे राहणे हीच पहिली सूचना समजावी, आणि तेव्हाच पाठ न दाखविता, मागे मागे सरत बाहेर पडावे. पळू नये. गोठ्यात शिरताना बाहेर पडण्याची वाट आपल्या मागे मोकळी आहे ना, हे पाहून मगच शिरावे. आमच्या गव्हाणीला एकच तोंड होते. आता तेथे माणूस आडवा होऊन निसटेल एवढी फट ठेवली आहे. जनावर तिच्यातून जाऊ शकत नाही.

पैदाशीसाठी ठेवावयाचा नसेल तर खोंडाचे खच्चीकरण पशुवैद्यकाकडून वेळेवर करून घ्यावे. आम्ही सोन्याचे ते 'अजून लहान आहे' म्हणून पुढे ढकलले होते.

व्यालेली गाय आणि ओळखीचा कुत्रा

एरवी गरीब असलेली गाय व्याल्यावर चार-आठ दिवस वेगळीच असते. ज्या कुत्र्याला तिने वर्षानुवर्षे शेजारी झोपू दिले, त्याच्यावर ती शिंगे रोखून धावते. मध्ये माणूस आला तर त्यालाही सोडीत नाही. कुत्र्याला साखळीला धरून गाईजवळून नेणारा माणूस अशा वेळी सर्वांत जास्त धोक्यात असतो, कारण घाबरलेला कुत्रा धन्याच्या पायांत शिरतो आणि गाय कुत्र्यामागे येते. असा प्रसंग आलाच तर साखळी सोडून द्या. कुत्रा आपला जीव वाचवील.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने तिला सुमारे ३३० अंशांतले दिसते. मात्र अगदी पाठीमागचे दिसत नाही, आणि खोलीचा अंदाज तिला आपल्यासारखा येत नाही. म्हणून मागून गुपचूप आलेले मांजर, पायाशी अचानक फडफडलेली कोंबडी किंवा जमिनीवरची सावली यांनी ती दचकते आणि लाथ झाडते. धार काढताना कोंबड्या गोठ्यात नसाव्यात. बाकी वेळी कोंबड्या जनावरांच्या अंगाखालच्या गोचिडी टिपतात, हा त्यांचा फायदाच आहे. पण गव्हाणीवर त्यांना बसू देऊ नये. वैरणीत पिसे आणि विष्ठा पडली की जनावर ती वैरण टाकते.

कोंबड्यांत कोंबडी

बाजारातून आणलेली नवी कोंबडी जुन्या कोंबड्यांत टाकली की त्या तिला टोचून रक्तबंबाळ करतात. कोंबड्यांत वरपासून खालपर्यंत मानाची उतरंड असते, हे १९२०-२२ च्या सुमारास श्येल्डरप-एब या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. नव्या कोंबडीने ती उतरंड मोडते. तिला आधी दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळी ठेवावी. मानमोडीसारखा आजार तिच्याबरोबर आला असेल तर तो या काळात दिसून येतो. नंतर आठवडाभर जाळीच्या आड, दिसेल अशी ठेवावी. मग रात्री दांडीवर इतरांशेजारी बसवावी, आणि दाण्या-पाण्याची भांडी दोन ठिकाणी मांडावीत. एखादीला जखम झाली तर ताबडतोब बाजूला काढावी. लाल जखम दिसली की सर्वजणी तेथेच टोचतात. टर्की पाळणाऱ्यांनी त्या कोंबड्यांपासून वेगळ्याच ठेवाव्यात. कोंबडीला फारसा न जाणवणारा काळतोंड्या रोग टर्कीचा जीव घेतो.

न दिसणारी भांडणे

शिंगे आणि दात यांनी होणारे नुकसान दिसते. एका अंगणातले बरेच नुकसान मात्र खाण्यातून आणि विष्ठेतून होते. शेळीने कोंबडीच्या भरड्यात तोंड घातले आणि किलोभर दाणा खाल्ला, तर तिच्या पोटात आम्ल वाढून ती दुसऱ्या दिवशी मरू शकते. कोंबडीचे खाद्य शेळीच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवावे. शेळी चढते, हे जागा ठरविताना विसरू नये. कोंबड्यांच्या तयार खाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध मिसळलेले मोनेन्सिनसारखे औषध असू शकते. ते घोड्याला विषारी आहे.

बोकड कापल्यावर त्याचे डोके, काळीज किंवा फुप्फुसातले पाण्याचे फोड कुत्र्यापुढे टाकू नका. त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात पट्टकृमी होतात. कुत्र्याच्या विष्ठेतून त्यांची अंडी चाऱ्यावर येतात, मग शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूत फोड होऊन जनावर एकाच बाजूला गोल गोल फिरत राहते. यांतल्याच एका जातीचे फोड माणसाच्या काळजात आणि फुप्फुसातही होतात. कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर तीन महिन्यांनी प्रॅझिक्वांटेल असलेले जंताचे औषध द्यावे. गाय व्याल्यावर पडलेला जार कुत्र्याला खाऊ देऊ नये, खोल पुरावा; त्यातून गाईंना गर्भपात घडविणाऱ्या जंतूंचे चक्र चालू राहते. मांजर खुराकाच्या पोत्यावर घाण करीत असेल तर पोते झाकावे, कारण त्या वाटेने गाभण शेळ्या गाभडतात. घरात गरोदर बाई असेल तर मांजराची घाण तिने काढू नये.

आता पिसाळण्याविषयी. मी मोतीच्या बाबतीत चुकले, पण शंका घेणे चूक नव्हते. शेजारच्या वस्तीवर एका म्हशीच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती वेगळ्याच आवाजात ओरडत होती. घशात काही अडकले असेल म्हणून तिघांनी तिच्या तोंडात हात घातला. ती पिसाळलेली होती. महिन्यापूर्वी तिला कुत्रा चावल्याचे नंतर आठवले. तिघांनी लस घेतली म्हणून ते आज आहेत. गाय, म्हैस, शेळी, मांजर सर्व पिसाळतात. जनावर अचानक बदलले, लाळ गळू लागली, मागचे पाय लटपटू लागले, तर तोंडात हात घालू नका. त्याला वेगळे बांधा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. मिरची, चुना, हळद भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. पूर्वीची पोटातली चौदा इंजेक्शने केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात, आणि पद्धतीप्रमाणे चार किंवा पाच वेळा जावे लागते. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळे औषधही टोचतात. कुत्रा जगतो की मरतो हे दहा दिवस पाहावे, पण पहिली लस घेण्यासाठी थांबू नये. कुत्र्या-मांजरांना तिसऱ्या महिन्यात पहिली लस आणि नंतर पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी, हा खर्च एका कोंबडीच्या किमतीपेक्षा फार जास्त नाही.

पोपट, मुनिया, रानससा, कासव किंवा मुंगसाचे पिल्लू हौसेने घरी आणणाऱ्यांसाठी एवढेच सांगते की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार हे प्राणी पाळता येत नाहीत. आणि बिबट्याच्या भागात राहणाऱ्यांनी रात्री कुत्रा अंगणात उघड्यावर बांधू नये. अकोले तालुक्यातील अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला होता. राखणीसाठी बांधलेला कुत्राच बिबट्याला दारात आणतो. तेथे बंद दाराचा, वरून झाकलेला गोठा हीच राखण.

व्याख्यानाआधी काही चिठ्ठ्या आल्या आहेत. एका भगिनीने विचारले आहे, मांजर कोंबडीची पिल्ले पळविते, पण उंदरांसाठी मांजर हवेच, तर काय करावे? ताई, मोठ्या कोंबडीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. खुडुक कोंबडी पिल्लांसाठी मांजराच्या तोंडावर उडी घेते. धोका पिल्लांना, आणि तोही पहिले सहा-सात आठवडे. तोवर पिल्ले आईसह बारीक जाळीच्या खुराड्यात ठेवा. नुसते डालगे झाकू नका; मांजर कडेला पंजा घालून ते कलते करते. वर दगड ठेवला तरी फटीतून पंजा जातोच. आणि मांजराला संध्याकाळी नव्हे, तर पिल्ले बाहेर काढण्याआधी, सकाळी पोटभर खाऊ घाला. भरल्या पोटानेही ते मारू शकते, हे मघाशी सांगितलेच आहे. पण भरल्या पोटाचे मांजर सकाळी बहुधा झोपते, आणि तेवढ्या वेळात आपल्याला पिल्लांजवळ बसून निवडण-टिपण उरकता येते.

उरलेल्या चिठ्ठ्या गोचिडांच्या औषधांविषयी आहेत. त्यांची उत्तरे पशुसंवर्धन विभागाचे सहकारी देतील.